मुरायला ठेवलेली बाटली

रात्रीचे साडेनऊ होऊन गेले आहेत. एप्रिल संपत आला की बल्लारपुरात या वेळी भिंती दिवसभराची धग सोडत असतात. अंगणाकडच्या भिंतीला हात टेकवला तर ती अजून कोमट लागते. स्टेशनाकडून एखादी लांब गाडी येते, थांबते, थोड्या वेळानं पुन्हा सरकते. ओटा पुसून झाला आहे, भांडी पालथी पडली आहेत, उद्याच्या उसळीचे मूग भिजत घातले आहेत. आता खाली बसा. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, तूरडाळीच्या डब्यामागे हात घाला आणि तिथली बाटली बाहेर काढा.

तुमच्या घरात अशी बाटली नसेल तर माझी घ्या. पाव लिटरची साधी काचेची बाटली आहे. आत व्हॅनिलाच्या सात शेंगा, उभ्या चिरलेल्या, आणि त्या बुडतील इतकं ग्लिसरीन. गळ्याशी दोऱ्यानं बांधलेल्या कागदाच्या पट्टीवर तारीख आहे, 9 फेब्रुवारी. म्हणजे आज अडीच महिने झाले.

झाकण उघडू नका. आधी तिचं वजन तळहातावर येऊ द्या. पाण्याच्या बाटलीपेक्षा ही जड लागते, कारण ग्लिसरीन पाण्याहून जड असतं. आता ती सावकाश आडवी करा आणि दिव्यासमोर धरा. घातलं तेव्हा ते पाण्यासारखं पारदर्शक होतं. आता काकवीचा रंग आला आहे. आतला द्रव लगेच हलत नाही, बाटली कलंडली हे त्याला जरा उशिरानं कळतं. त्यात काळे ठिपके तरंगताना दिसतील, खसखशीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. ते शेंगेतलं बी. बाटली पुन्हा उभी केली की ते खाली जायला निघतात. एक दाणा निवडा. नजर त्याच्यावर ठेवा. एक श्वास घ्या, सोडा. अजून एक. दाणा बोटाच्या पेराएवढाही खाली आलेला नसतो.

या बाटलीत जे चाललं आहे त्याला आपल्या भाषेत एक शब्द आहे, मुरणं. कैरीचं लोणचं मुरतं, मोरावळा मुरतो, पहिल्या पावसाचं पाणी वावरात मुरतं, आणि गाण्यात माणूस मुरतो. चारही ठिकाणी शब्द तोच. या शब्दात करणारा कोणी दिसत नाही. बाईनं लोणचं घातलं, हे खरं. पण मुरलं ते लोणचं आपलं आपण. आपण फक्त फोडी केल्या, मीठ चोळलं, दादरा बांधला आणि बाजूला झालो. त्या ‘बाजूला होण्या’वर थोडा वेळ थांबा. दिवसभरात आज आपण कशाच्या बाजूला झालो? मला विचाराल तर कशाच्याच नाही. पोळी फुगायच्या आत मी उलटली, मुलाचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं. ही बाटली मात्र अडीच महिने माझ्याशिवाय आपलं काम करते आहे.

आता त्या शेंगांकडे बघा. काळपट तपकिरी, सुरकुतलेल्या, चामड्याच्या वादीसारख्या. माझ्या दिराच्या ओळखीच्या एकांनी त्या केरळहून गाडीनं येताना आणल्या. पुडी उघडली तेव्हा अख्ख्या घरात वास पसरला. पण वेलीवरून काढली तेव्हा हीच शेंग हिरवी होती, फरसबीसारखी, आणि तिला व्हॅनिलाचा कसलाही वास नव्हता. नाकाला लावली तर नुसता पाल्याचा वास. व्हॅनिला हे आमरी कुळातलं, म्हणजे ऑर्किडचं झाड. आपल्या इकडच्या जंगलात मोहाच्या, सागाच्या फांदीवर वांदा दिसतो ना, त्याच्या नात्यातलं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या तेवढ्या वेळात परागीकरण झालं तरच शेंग धरते. मग ती जवळजवळ नऊ महिने वेलीवर वाढते. नऊ महिने, आणि तरीही वास नाही.

वास शेंगेत असतो, पण साखरेच्या एका कणाशी बांधलेला असतो. तो सुटायला शेंगेला मरावं लागतं. हा शब्द मी जपून वापरते आहे, पण त्या धंद्यातली माणसंही तोच वापरतात. हिरवी शेंग साधारण 65 अंशांच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात, म्हणजे तिची वाढ थांबते आणि आतल्या पेशी फुटतात. मग गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवतात. तिथं तिला घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी उन्हात काढायची, तापली की परत गुंडाळायची. असे कित्येक दिवस. नंतर सावलीत फळ्यांवर काही आठवडे, आणि त्यानंतर बंद पेटीत आणखी काही महिने. या सगळ्यात शेंगेतलाच एक पाचक रस ती बांधलेली गाठ सोडवत जातो आणि व्हॅनिलिन मोकळं होतं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. बाकीचं पाणी उडून जातं.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला मोह आठवला. तुम्ही या भागातले असाल तर तुम्हालाही आठवला असेल. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखालचा पाला झाडून ठेवलेला असतो आणि अंधारातच फुलं टपटप पडायला लागतात. पिवळसर पांढरी, रसानं टंच, हातात घेतली तर बोटं चिकट होतात. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन पोचतात, कारण ऊन चढलं की फुलं कोमेजतात, आणि अस्वलालाही ती तितकीच आवडतात. ताज्या मोहाचा वास अंगावर येतो. पण अंगणात चार दिवस वाळला, आक्रसून मनुक्यासारखा तांबूस झाला, की त्याचा वास खोल जातो. गुळासारखा, थोडा जुन्या लाकडासारखा. मुठीत वाळला मोह धरून डोळे मिटा. माझ्या नाकाला त्यात आणि मुरलेल्या व्हॅनिलात लांबचं का होईना, एक नातं लागतं. दोघांनाही एकच सकाळ मिळते. दोघांनाही सुकावं लागतं. मेक्सिकोच्या जंगलातली वेल आणि चिमूर-सिंदेवाहीकडचं झाड, एकमेकांना कधी न पाहिलेली.

बाटली मांडीवर ठेवली तरी चालेल. आता एका मुलाकडे जाऊ.

मेक्सिकोबाहेर ही वेल नेली तेव्हा ती फुलायची, पण शेंग धरायची नाही. तिथले कीटक इतरत्र नव्हते. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर 1841 साली एदमों नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं त्याची युक्ती काढली. तो गुलाम होता, आईवेगळा होता. बारीक काडी घेऊन त्यानं फुलातला मधला पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग पलीकडे दाबला. एवढंच. काही सेकंदांचं काम. आज मादागास्करपासून केरळपर्यंत व्हॅनिलाचं फूल फूल असंच हातानं फळवलं जातं. गुलामी संपली तेव्हा, 1848 साली, त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्या काडीवर बेटाची भरभराट झाली आणि तो स्वतः 1880 साली गरिबीत गेला. आपल्या बाटलीत सात शेंगा आहेत. म्हणजे सात फुलं, सात सकाळी, आणि कोणाचा तरी अंगठा सात वेळा. ज्या हातांनी हे केलं ते हात कोणाचे, हे आपल्याला कधीही कळणार नाही. सात मोजा. हळू मोजा.

काडी. बल्लारपूरकराला काडी म्हटलं की बांबूच दिसतो. कागदाच्या कारखान्याची कंपनी इथं 1945 साली उभी राहिली आणि तेव्हापासून हे गाव बांबूच्या ट्रकांबरोबर वाढलं. माझे सासरे तिथं कामाला होते. त्यांच्या सदऱ्याला येणारा तो वास, शिजलेल्या कोबीसारखा, लहानपणी माझ्या नवऱ्याला बाबा घरी आल्याचा वास वाटायचा. बांबूच्या चिपा सोड्याच्या आणि गंधकाच्या क्षारात शिजवल्या की धागा वेगळा होतो आणि काळं, दाट पाणी उरतं. त्या काळ्या पाण्यात लिग्निन असतं. झाडाला ताठ उभं ठेवणारा, धाग्याला धागा चिकटवून धरणारा तो डिंक म्हणा. कारखान्यात ते काळं पाणी आटवून जाळतात आणि त्याच्या वाफेवर यंत्रं फिरतात.

आता हे ऐका. त्याच लिग्निनच्या पोटात व्हॅनिलिन आहे.

1874 साली जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी पाइनच्या झाडातल्या रसापासून व्हॅनिलिन बनवलं. पुढे कागद कारखान्यांतल्या टाकाऊ पाण्यातलं लिग्निन वापरून ते बनू लागलं. नॉर्वेत स्प्रूसच्या लाकडापासून आजही बनतं. बांबूचं लिग्निन फोडलं तर त्यातूनही इतर वासांबरोबर व्हॅनिलिन निघतं. आपल्या गावात ते कोणी काढत नाही, आणि बाजारातलं बहुतेक स्वस्त व्हॅनिलिन आता खनिज तेलातून येतं. तरी मी या एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते. सासऱ्यांच्या सदऱ्याला ज्या हौदांचा वास यायचा, त्या हौदांत हा वास बंद होता. त्यांना हे सांगायला मला हवं होतं. उशीर झाला.

घरात एखादं जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक असेल तर ते उद्या नाकाशी धरा. स्वस्त कागदात लिग्निन राहून गेलेलं असतं. वर्षानुवर्षं ते हळूहळू तुटतं आणि पानांना गोडसर, व्हॅनिलासारखा वास येतो. आमच्याकडे सासऱ्यांनी जपलेले जुने दिवाळी अंक आहेत. त्यांची पानं कडेनं ठिसूळ झाली आहेत. वास मात्र दरवर्षी वाढतो आहे असं मला वाटतं.

आता ग्लिसरीनबद्दल. हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

व्हॅनिलाचा अर्क करायची सर्वमान्य रीत अशी की शेंगा चिरून व्होडकासारख्या, चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या दारूत बुडवायच्या. शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम शेंगा, अंधारी जागा, अधूनमधून हलवणं, आणि सहा महिने ते वर्षभर वाट. मद्यार्क शेंगेतलं सगळं ओढून काढतो, लवकर काढतो आणि अर्क वर्षानुवर्षं टिकवतो. मी पहिली बाटली लावायचं ठरवलं ते 2017 साल होतं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. त्या बंदीमागं बायांचे पाय होते. 2010 साली त्या चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या होत्या. त्या वाटेवर माझी एक मावशीही होती. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि तिनं त्यात मेण भरलं होतं. मी ते मेण पाहिलं आहे.

म्हणून मी ग्लिसरीनकडे वळले. केकच्या सामानाच्या दुकानात खाण्याचं ग्लिसरीन मिळतं, तेच घ्यायचं. अंगाला लावायचं घ्यायचं नाही. पहिली बाटली मी बिघडवली. ग्लिसरीन फार दाट वाटलं म्हणून मी अर्धंअर्धं पाणी घातलं, शिवाय शेंगांची टोकं वर राहू दिली. दीड महिन्यानं वर पांढरी लव आली. सगळं ओतून द्यावं लागलं. मोरीत ते ओतताना जो वास आला तो आठवला की अजून जीव कळवळतो. नंतर शिकले. तीन भाग ग्लिसरीन, एक भाग उकळून गार केलेलं पाणी, सुरी आणि हात कोरडे, आणि शेंगेचा एकही इंच वर राहता कामा नये. ग्लिसरीन दाट असल्यानं त्यातून वास सावकाश फिरतो, मद्यार्काइतका भरगच्च अर्क होत नाही. पण आपल्याकडचा उन्हाळा मदत करतो. बाहेर पारा 45-46 ला टेकला की बंद कपाटातही ऊब धरते आणि मुरणं वेग घेतं.

आपल्या वैद्यकात असा अर्क काढण्याचे किती बारीक भेद आहेत बघा. गार पाण्यात रात्रभर भिजवलं तर हिम, गरम पाणी ओतून गाळलं तर फांट, आटवलं तर काढा. आसवात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात, आणि मद्यार्क त्यात आपोआप तयार होतो. ही धायटीची लाल फुलं आपल्याच जंगलातून गोळा होतात. म्हणजे काढून घेण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक वाटेवर सारखीच मोकळी होत नाही.

बंदी उठून 2021 च्या जुलैत चंद्रपुरातली दारूची दुकानं पुन्हा उघडली. आता मला व्होडका आणता आली असती. माझ्या ओळखीच्या अनेक जणी दारूतच अर्क करतात, उत्तम करतात, आणि त्यांच्या केकला माझ्यापेक्षा जास्त सुवास येतो. मी एकदा ठरवलंही होतं. त्या दिवशी मी ओट्यावर शेंगा चिरत होते आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी लावत होत्या. बाटलीकडे बघून त्या थांबल्या.

“हे काय व्हय जी, ताई?”

मी सांगितलं. त्यांनी शेंग नाकाशी नेली. “वास त लय गोड येते जी.” मग थोडं थांबून, आवाज खाली करून, “दारू त नाही ना जी याच्यात?”

त्या प्रश्नात काय होतं ते मला त्यांच्या घरामुळे माहीत आहे. ते इथं लिहिणार नाही. मी म्हटलं, नाही, नाहीये. त्यांनी मान हलवली आणि हातातला पेला फळीवर ठेवला. त्या वेळी बाटली रिकामी होती, तेव्हा माझं उत्तर खरं होतं. ते खरंच राहावं म्हणून तेव्हापासून आमच्या घरात ग्लिसरीनच आहे.

इथं जरा थांबा. आपण कशात काय मुरायला ठेवतो, आणि ते कोणाच्या नाकासमोरून जाणार आहे, हे मनात येऊ द्या. उत्तर शोधू नका. मलाही ते पूर्ण सापडलेलं नाही. संक्रांतीला मावशींच्या नातवंडांसाठी मी साध्या रव्याचा केक करते. त्यात या बाटलीतला चमचाभर अर्क असतो, आणि मावशी डबा उघडून आधी वास घेतात. मला तेवढं पुरतं.

आता झाकण उघडा. सावकाश. नाक लगेच जवळ नेऊ नका. वीतभर लांब धरा आणि वाट बघा. ग्लिसरीनमधून वास उसळत नाही, तो चढत येतो. आधी नुसता गोडवा येईल, कोरा, काहीच न सांगणारा. तो ग्लिसरीनचा. त्याच्यामागे, थोड्या अंतरावर, शेंग आहे. लाकूड आहे, मनुका आहे, किंचित धूर आहे. आत येणाऱ्या श्वासात ती आधी सापडत नाही, सोडलेल्या श्वासाच्या शेवटाला सापडते. निळ्या झाकणाच्या बाटलीतला इसेन्स आपण लहानपणी हुंगायचो; तो एकदम यायचा आणि एकदम जायचा. हा वास येतो तेव्हा किती येणार आहे हे कळत नाही.

काडीचं टोक बुडवून एक थेंब मनगटावर घ्या. जिभेला लावा. गोड, मग किंचित कडवट, मग बराच वेळ काहीतरी. शेंगेत शे-दोनशेहून अधिक वासांचे कण असतात. व्हॅनिलिन त्यातला एक, सगळ्यात मोठा. बाकीचे अजून शेंगेच्या भिंतीतून बाहेर यायचे आहेत. अडीच महिने ही काही फार मुदत नाही. माझ्या मते दिवाळीच्या आसपास ती तयार होईल. लोणचं चाखताना सासूबाई म्हणायच्या तसं, अजून कच्चं लागतं.

झाकण घट्ट लावा. कडेला आलेला ओघळ पुसा. बाटली एकदा, फक्त एकदा, उलटी करा आणि शेंगा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकताना बघा. ओल्या दोरासारख्या त्या वळतात, एकमेकींना लागतात, थांबतात. पुन्हा उभी करा. तारखेची पट्टी बाहेरच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात चाचपडताना हाताला लागेल.

स्टेशनावरची गाडी गेली. भिंत आता जरा गार झाली आहे. बाटली तूरडाळीच्या डब्यामागे ठेवा. दार लावण्याआधी एकदा वाकून बघा, मघाचा तो दाणा सापडतो का. ते काळे ठिपके अजून मध्येच कुठंतरी आहेत, खाली निघालेले.